द्रावण कोणतं? : विकराविना ग्लुकोज मोजणाऱ्या धातूंविषयी प्रस्तावना

साखर ओळखण्याचं काम धातू विकरांच्या फार आधीपासून करत आले आहेत. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ज्यांनी बेनेडिक्टचं निळं द्रावण उकळलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. परीक्षानळीत ग्लुकोजचे थेंब टाकले, नळी उकळत्या पाण्यात धरली, की निळा रंग हिरवा होतो, मग पिवळा आणि शेवटी विटकरी. त्या रंगबदलात तांब्याचे आयन ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन घेतात आणि क्युप्रस ऑक्साइड होऊन तळाशी बसतात. जर्मनीत हर्मन फॉन फेलिंग यांनी हीच अभिक्रिया एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर साखर मोजायला वापरली. अमेरिकेत स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ती सुटसुटीत केली. 1941 मध्ये एम्स कंपनीनं ती चक्क एका गोळीत बसवली. क्लिनिटेस्ट नावाच्या त्या गोळीत कॉपर सल्फेट आणि कॉस्टिक सोडा एकत्र असत. लघवीच्या काही थेंबांत गोळी टाकली की नळी आपल्याच उष्णतेनं उकळे, बाहेरची आच लागत नसे. मधुमेहाचे रुग्ण वर्षानुवर्षं घरी अशीच तपासणी करत.

मग तांबं बाजूला का पडलं? कारण त्याला ग्लुकोज कळत नव्हतं. इलेक्ट्रॉन द्यायला तयार असलेलं काहीतरी समोर आलं आहे, एवढंच कळत होतं. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईच्या लघवीतलं लॅक्टोज असो, फ्रुक्टोज असो की भरपूर घेतलेलं क जीवनसत्त्व, सगळ्यांना रंग तोच. 1956 मध्ये त्याच एम्स कंपनीतल्या आल्फ्रेड आणि हेलन फ्री या दांपत्याच्या कामातून क्लिनिस्टिक्स ही पट्टी बाजारात आली. तिच्यावर तांबं नव्हतं, ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर, म्हणजे एन्झाइम होतं. ते लॅक्टोजकडं ढुंकून पाहत नसे. तेव्हापासून आजपर्यंत घरगुती साखर-तपासणीवर या विकराचं आणि त्याच्या भावंडांचं राज्य आहे.

या पुस्तकाचा विषय त्या राज्याबाहेरचा आहे. विकर काढून टाकायचं आणि पुन्हा धातूकडं यायचं; पण या वेळी धातू नॅनो आकाराचा आणि रंगाऐवजी मोजायचा तो विद्युतप्रवाह. कल्पना आकर्षक आहे, आणि गेल्या दोन-तीन दशकांत तिच्यावर हजारोंनी शोधनिबंध निघाले आहेत. त्यातले बरेचसे वाचून माझ्या मनात एक प्रश्न पक्का बसला आहे: ज्या दोषापायी तांबं गेलं, तो दोष आता दुरुस्त झाला का? माझं उत्तर असं की काही द्रावणांत झाला, रक्तात अजून नाही. म्हणून नवा निबंध हाती आला की मी संवेदनशीलतेचा आकडा नंतर पाहतो. आधी मोजमाप कोणत्या द्रावणात केलं ते पाहतो.

आधी ज्याला हटवायचं आहे त्या विकराची नीट ओळख करून घेऊ. ग्लुकोज ऑक्सिडेज 1928 मध्ये डेटलेफ म्युलर यांना बुरशीच्या अर्कात सापडलं. आज ते मुख्यतः अ‍ॅस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीपासून किण्वनानं तयार करतात. ते बीटा-ग्लुकोजचं ऑक्सिडीकरण करतं. त्यातून ग्लुकोनोलॅक्टोन बनतं आणि इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडं जाऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. 1962 मध्ये अमेरिकेत लीलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी हे विकर पातळ पडद्यामागं ऑक्सिजन मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर ठेवलं. ऑक्सिजन जितका घटेल तितकं ग्लुकोज, असा साधा हिशेब. पुढं घटणाऱ्या ऑक्सिजनऐवजी वाढणारं पेरॉक्साइड प्लॅटिनमवर मोजायला सुरुवात झाली. म्हणजे विकराच्या राज्यातही शेवटचं मोजमाप धातूच करत होता, हे विसरू नये.

अडचण एकच होती. या विकराचं सक्रिय केंद्र प्रथिनाच्या पोटात खोल दडलेलं असतं, तिथून इलेक्ट्रोडपर्यंत इलेक्ट्रॉन थेट पोचत नाही. त्याला मध्यस्थ लागतो. 1984 मध्ये ब्रिटनमध्ये फेरोसीनचं संयुग असा मध्यस्थ म्हणून वापरून दाखवलं गेलं आणि 1987 मध्ये त्यावर बेतलेलं पेनाएवढं मीटर विक्रीला आलं. आज केमिस्टच्या दुकानात मिळणारी पट्टी त्याच घराण्यातली. मायक्रोलिटरभर किंवा त्याहूनही कमी रक्त, पाच-सहा सेकंद, आणि पडद्यावर आकडा.

विकर म्हणजे निखळ अचूकता, असा समज मात्र करून घेऊ नये. ऑक्सिजनच्या चढउतारापासून सुटका व्हावी म्हणून काही कंपन्यांनी ग्लुकोज डिहायड्रोजनेज हे दुसरं विकर वापरलं. त्याचा एक प्रकार, पीक्यूक्यू नावाच्या सहघटकावर चालणारा, माल्टोजलाही ग्लुकोजच समजतो. पोटातून डायलिसिस करताना वापरल्या जाणाऱ्या आयकोडेक्स्ट्रिनचं शरीरात माल्टोज होतं. अशा रुग्णांची साखर मीटरवर खोटी उंच दिसली, त्या आकड्यावर इन्सुलिन दिलं गेलं, आणि खरी साखर मुळात कमी असल्यानं रुग्ण दगावले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं ऑगस्ट 2009 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला; 1997 पासूनच्या 13 मृत्यूंची नोंद त्यात आहे. निवडक्षमता हा शब्द पुढच्या पानांवर शेकडो वेळा येईल. तो वाचताना ही 13 माणसं आठवावीत. आलेखावर छोटी वाटणारी चूक दवाखान्यात इन्सुलिनचा डोस ठरवते.

आता विकरावरच्या आरोपांकडं येतो. या क्षेत्रातल्या जवळजवळ प्रत्येक निबंधाचा पहिला परिच्छेद एकाच साच्यातला असतो: विकर महाग, नाजूक, उष्णतेनं आणि आर्द्रतेनं मरणारं, म्हणून आम्ही विकराविना संवेदक बनवला. हे अर्धसत्य आहे, आणि ते इतक्यांदा छापलं गेलं आहे की कोणी तपासत नाही. पाण्यात विरघळलेलं विकर नाजूक असतं हे खरं. 40 अंश सेल्सिअसच्या वर आणि सामू 2 पेक्षा कमी किंवा 8 पेक्षा जास्त झाला की ग्लुकोज ऑक्सिडेज झपाट्यानं निकामी होतं. पण पट्टीवर ते कोरडं असतं आणि कोरड्या स्थितीत ते भलतंच टिकाऊ आहे. बंद डबीतली पट्टी वर्ष-दोन वर्षं सहज काम देते. महागडेपणाचं म्हणाल तर एका पट्टीत विकर लागतं ते मायक्रोग्रॅमच्या हिशेबात. हेच विकर बेकरीवाले पावाच्या कणकेत घालतात. पट्टीची किंमत वाढते ती छपाई, कॅलिब्रेशन, गुणवत्ता-तपासणी, बांधणी आणि विक्रीच्या साखळीत. विकर काढून सोन्याचे नॅनोकण घातले म्हणून ती किंमत कशी उतरेल, याचा हिशेब मला कोणत्या निबंधात पटण्याजोगा दिसलेला नाही.

तरीही आपल्याकडच्या हवामानाचा मुद्दा उडवून लावता येत नाही. पट्ट्यांच्या बहुतेक डब्यांवर साठवणीची मर्यादा 30 अंशांच्या आसपास छापलेली असते. चंद्रपूर-नागपूरकडं मे महिन्यात पारा 45 च्या पुढं जातो, आणि खेड्यातल्या औषधाच्या दुकानात वातानुकूलन नसतं. कोकणात पावसाळ्यात डबीचं झाकण नीट लागलं नाही तर आतला आर्द्रताशोषक किती दिवस पुरणार? त्यात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणं देशात मधुमेहाचे रुग्ण 10 कोटींच्या वर आहेत. ज्याला रोज दोनदा बोट टोचायचं आहे, त्याच्यासाठी पट्टी हा महिन्याच्या किराण्यासारखा खर्च आहे. स्वस्त आणि उन्हाला दाद न देणारी पट्टी हवीच. ती विकर काढूनच मिळेल, हे मात्र सिद्ध झालेलं नाही.

विकराविना संवेदकाची खरी निकड मला दुसरीकडं दिसते: शरीरात राहून सतत मोजणाऱ्या संवेदकात. दंडावर चिकटवायचे संवेदक आज 10 ते 15 दिवस चालतात, मग बदलावे लागतात. तिथं विकर कोरडं नसतं. 37 अंशांवर, ओल्या ऊतकात, दिवसरात्र राबतं, आणि ज्या जातीत पेरॉक्साइड तयार होतं तिथं ते पेरॉक्साइडच हळूहळू विकराला खातं. धातू मरत नाही, हा दावा इथं वजनदार ठरतो. अर्थात शरीर आतल्या परक्या वस्तूवर प्रथिनं आणि पेशींचं जे आवरण चढवतं, ते धातूलाही चुकत नाही. विकर काढल्यानं आयुष्याची एक मर्यादा जाते, दुसरी तशीच राहते.

विकराविना चालणारा संवेदक रुग्णापर्यंत पोचल्याचं ठळक उदाहरणही आहे, पण ते धातूचं नाही आणि विजेचंही नाही. एव्हरसेन्स हा त्वचेखाली बसवायचा संवेदक बोरॉनिक आम्लाच्या संयुगावर चालतो. ग्लुकोज त्याला जोडलं की प्रकाश बदलतो. अमेरिकेत त्याला 2018 मध्ये मान्यता मिळाली तेव्हा त्याचं आयुष्य 90 दिवस होतं, आणि 2024 मध्ये वर्षभर चालणाऱ्या आवृत्तीला मंजुरी मिळाली. धातूवाल्यांनी याकडं स्पर्धक म्हणून पाहायला हवं. त्यांच्या निबंधांत त्याचा उल्लेख क्वचितच येतो, याचं मला आश्चर्य वाटतं.

धातूवर ग्लुकोजचं नेमकं काय होतं? वाल्टर लोब यांनी 1909 मध्येच शिशाच्या इलेक्ट्रोडवर, गंधकाम्लात ग्लुकोजचं विद्युत-अपघटन करून पाहिलं होतं. पण विषयाला खरा वेग आला तो 1960 च्या दशकात, आणि तोही साखर मोजण्यासाठी नव्हे. हृदयाच्या पेसमेकरला बॅटरी पुरत नव्हती. रक्तातल्याच ग्लुकोजवर चालणारा इंधनघट शरीरात बसवता आला तर, अशी ती कल्पना होती. 1972 पासून लिथियम-आयोडिन बॅटरीचे पेसमेकर आले आणि त्या इंधनघटांतली निकड संपली. मागं उरलं ते प्लॅटिनमवर ग्लुकोज कसं वागतं याचं अमूल्य ज्ञान. या विषयाची बरीचशी पायाभरणी अशी दुसऱ्याच इमारतीसाठी झालेली आहे.

प्लॅटिनमवर ग्लुकोजचा रेणू पहिल्या कर्बाच्या बाजूनं चिकटतो आणि तिथला हायड्रोजन सोडतो. मग ग्लुकोनोलॅक्टोन, आणि त्याचं पाण्यात ग्लुकोनिक आम्ल. अडचण अशी की मधल्या पायरीवरचे अवशेष पृष्ठभागावर घट्ट बसून राहतात आणि पुढच्या रेणूंना जागा देत नाहीत. रसायनशास्त्रात याला विषबाधाच म्हणतात. सोन्यावर हे अवशेष कमी त्रास देतात, पण तिथं क्लोराइड आडवा येतो. पृष्ठभागावर हायड्रॉक्साइडचा जो पातळ, अर्धवट थर ग्लुकोजचं काम करतो, त्याच्याच जागा क्लोराइड बळकावतो. धातू नेमकं कसं काम करतो याबद्दल दोन मांडण्या प्रचलित आहेत. डेरेक प्लेचर यांची 1984 ची मांडणी रेणूच्या चिकटण्यावर भर देते. बर्क यांची 1994 ची मांडणी त्या उगवत्या हायड्रॉक्साइड थराला नायक ठरवते. पुढच्या प्रकरणांत दोन्हींची सविस्तर चर्चा आहे. सोन्याच्या बाबतीत मला दुसरी जास्त पटते.

निकेल आणि तांब्याची रीत वेगळी. 1971 मध्ये साउदॅम्प्टनला मार्टिन फ्लाइशमन, कोरिनेक आणि प्लेचर यांनी दाखवलं की अल्कली द्रावणात निकेलवर त्रिसंयुजी निकेलचा ऑक्सिहायड्रॉक्साइड तयार होतो, आणि तोच सेंद्रिय रेणूंचं ऑक्सिडीकरण करत सुटतो. हेच फ्लाइशमन पुढं 1989 मध्ये शीत संलयनाच्या दाव्यानं जगभर गाजले आणि मग बदनाम झाले. त्यांचं निकेलवरचं काम मात्र भक्कम आहे आणि आजही रोज वापरात आहे. तांब्याचंही असंच: अल्कलीत, अर्ध्या व्होल्टच्या थोडं वर, त्रिसंयुजी तांबं ही भूमिका करतं असं मानतात. धातू स्वस्त, प्रवाह भरघोस, पृष्ठभाग सहज ताजा होणारा. म्हणूनच निबंधांचा सगळ्यात मोठा ढीग या दोन धातूंचा आहे.

नॅनो आकारानं यात काय भर पडते? पहिली भर निव्वळ पृष्ठभागाची. एक सेंटीमीटरच्या घनाचे 10 नॅनोमीटरचे घन केले तर 6 चौरस सेंटीमीटरचा पृष्ठभाग 600 चौरस मीटर होतो. दुसरी भर स्वभावाची. सोनं ढेपेत असताना जवळजवळ निष्क्रिय. पण 2004 मध्ये मिलानच्या मिकेले रोसी यांच्या गटानं दाखवलं की चार नॅनोमीटरहून लहान, उघडे सोन्याचे कण ऑक्सिजनच्या साथीनं ग्लुकोजचं ग्लुकोनिक आम्ल करतात आणि पेरॉक्साइडही देतात. म्हणजे हुबेहूब ग्लुकोज ऑक्सिडेजचं काम. ते कण उघडे होते ही अट मोलाची आहे. कारण नॅनोकण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर बहुधा कसलं तरी आवरण असतं, आणि ते आवरण ग्लुकोजलाही अडवतं. त्याच वर्षी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या मुरली शास्त्री यांच्या गटानं गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण बनवल्याचं 'नेचर मटेरियल्स'मध्ये छापून आलं. त्यानंतर तुळस, कडुनिंब, कोरफड, जो पाला हाताला लागेल त्याचे नॅनोकण बनवण्याची लाटच आली. पद्धत सुंदर आहे. इलेक्ट्रोडवर मात्र वनस्पतीचे सेंद्रिय अवशेष पृष्ठभाग झाकून बसतात, आणि ते कसे काढले हे ज्या निबंधात लिहिलेलं नसतं तिथं मी थबकतो.

नॅनोची तिसरी भर मला सगळ्यांत बुद्धिमान वाटते. ग्लुकोजचं धातूवरचं ऑक्सिडीकरण संथ असतं. क जीवनसत्त्व, युरिक आम्ल, पॅरासिटामॉल हे रक्तातले नेहमीचे घुसखोर मात्र इलेक्ट्रोडशी पोचताक्षणी प्रतिक्रिया देऊन मोकळे होतात. पंगतीत जे पाहुणे तुरळक येतात आणि आल्याआल्या चार घास खाऊन उठतात, त्यांच्यासाठी पानं वाढवून फरक पडत नाही. जे सावकाश जेवतात त्यांची मात्र जितकी पानं मांडाल तितकी माणसं एका वेळी बसतात. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी 2003 मध्ये सूक्ष्म छिद्रांनी भरलेलं प्लॅटिनम वापरून हेच केलं. खरा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढला तसा ग्लुकोजचा प्रवाह वाढला, आणि घुसखोरांचा जवळपास होता तिथंच राहिला. पडदा नाही, विकर नाही. निवड घडवली ती पृष्ठभागाच्या भूमितीनं. शिवाय हे काम सामू 7.4 च्या आसपास आणि क्लोराइड असताना केलेलं होतं. त्यांची संवेदनशीलता होती दर मिलिमोलरमागं, दर चौरस सेंटीमीटरला साधारण 10 मायक्रोअँपिअर. आज निकेल-तांब्याच्या निबंधांत हाच आकडा हजारांत असतो. आकड्यांच्या तक्त्यात हे प्लॅटिनम तळाशी जाईल, आणि तो तक्ता दिशाभूल करणारा असेल.

कारण हजारांतले ते आकडे जवळपास सगळे 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमधले आहेत. सामू 13. रक्ताचा सामू 7.35 ते 7.45 आणि त्यात ग्लुकोजच्या साधारण वीस पट क्लोराइड. उपाशीपोटी निरोगी माणसाचं ग्लुकोज 4 ते 5.5 मिलिमोलर, म्हणजे आपल्या ओळखीच्या भाषेत 70 ते 100. क्लोराइड मात्र 100 मिलिमोलरच्या आसपास. निकेलचा तो करामती ऑक्सिहायड्रॉक्साइड रक्ताच्या सामूला तयारच होत नाही म्हटलं तरी चालेल. तांबं क्लोराइडच्या सहवासात झिजतं आणि विरघळतं. अशी तांब्या-निकेलची गळती शरीरात कोणाला हवी?

यावर निबंधात बहुधा एक तोडगा असतो: रक्तद्रवाचे काही थेंब सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये टाकायचे. शंभर पट विरळ झालं की घुसखोरही शंभर पट विरळ. वरून त्यात मोजून ग्लुकोज घालायचं आणि घातलेलं 98 टक्के परत मिळालं असं लिहायचं. आपण घातलेली साखर आपल्यालाच सापडली, यात मूळ रक्तातली साखर बरोबर मोजल्याचा पुरावा कुठं आहे? त्यासाठी तेच नमुने दवाखान्याच्या प्रयोगशाळेतल्या पद्धतीनं मोजून शेजारी मांडावे लागतात. मीटरसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाची 2013 ची आवृत्ती सांगते की 100 मिलिग्रॅमच्या खाली 15 मिलिग्रॅमच्या आत आणि 100 पासून वर 15 टक्क्यांच्या आत, असे किमान 95 टक्के निकाल यायला हवेत. या कसोटीला उतरल्याचं दाखवणारे विकराविना धातूचे निबंध शोधावे लागतात.

घुसखोरांच्या चाचणीतही अशीच गंमत आहे. सामू 13 ला क जीवनसत्त्व हवेतल्या ऑक्सिजननं आपोआपच नासत असतं. त्यानं त्रास दिला नाही यात संवेदकाचं कौतुक ते काय? उलट फ्रुक्टोज, लॅक्टोज, सुक्रोज, इथेनॉल, अमिनो आम्लं ही सगळी निकेल-तांब्यावर ऑक्सिडीकृत होतात, आणि चाचणीत यातलं नेमकं काय घ्यायचं आणि किती, हे ज्याचं त्यानं ठरवलेलं असतं. अल्कलीत फार वेळ ठेवलं तर खुद्द ग्लुकोजचंही फ्रुक्टोज आणि मॅनोज होऊ लागतं. लॉब्री द ब्रॉइन आणि व्हान एकेनस्टाइन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवलेली ही अभिक्रिया पाठ्यपुस्तकात आहे, पण द्रावण आदल्या दिवशी करून ठेवणाऱ्याच्या ध्यानात नसते.

संवेदनशीलतेच्या आकड्यातच एक फट आहे, तीही सांगून टाकतो. प्रवाह भागिले क्षेत्रफळ हे कबूल, पण क्षेत्रफळ कोणतं? इलेक्ट्रोडचा व्यास मोजून काढलेलं, की नॅनोकणांचा खरा पृष्ठभाग मोजून काढलेलं? पहिलं धरलं तर जाड लेप देणाराच जिंकतो, उत्प्रेरक चांगला असो वा नसो. ऑक्सफर्डच्या कॅथरीन टॉगिल आणि रिचर्ड कॉम्प्टन यांनी 2010 मध्ये या सगळ्या क्षेत्राचा कठोर आढावा घेतला होता. विद्यार्थ्यांनी तो जरूर वाचावा, चीड आली तरी. शिवाय बरेच संवेदक दोन-तीन मिलिमोलरपर्यंतच सरळ रेषेत चालतात. मधुमेही रुग्णाचं ग्लुकोज 20 मिलिमोलरच्या वर गेलेलं असू शकतं.

इतकं ऐकून कोणाला वाटेल की धातूच्या इलेक्ट्रोडवर साखर मोजणं हा निव्वळ प्रयोगशाळेतला खेळ आहे. तसं नाही. मध, फळांचे रस, दुधाची भुकटी, औषधातली शर्करायुक्त द्रव्यं यांच्या तपासणीत आयन क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रात शेवटी एक सोन्याचा इलेक्ट्रोड बसलेला असतो. तो विकराविना, सोडियम हायड्रॉक्साइडमध्येच, 1980 च्या दशकापासून जगभर साखरा मोजतो आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्य विद्यापीठाचे डेनिस जॉन्सन यांनी त्याची मेख शोधली: विभव एका जागी न ठेवता ठोक्याठोक्यानं बदलायचा. एका ठोक्याला मोजायचं, पुढच्याला पृष्ठभाग ऑक्सिडीकरणानं धुऊन काढायचा, तिसऱ्याला तो ताजा करायचा, आणि हे सेकंदाभरात. विषबाधेवर यापेक्षा चांगला उतारा अजून कोणाला सुचलेला नाही. साखरांची निवड मात्र तिथं इलेक्ट्रोड करतच नाही. ती आधीच्या नळीत झालेली असते. प्रत्येक साखर आपल्या वेळेला बाहेर येते आणि सोनं फक्त किती ते सांगतं. ज्याला जे जमतं तेवढंच काम त्याला दिलं आहे.

साहजिकच कोणाला आपले साखर कारखाने आठवतील. तिथल्या प्रयोगशाळेत केमिस्ट आजही रसातली रिड्युसिंग शुगर फेलिंगच्या द्रावणानं काढतात. नमुना अल्कलीत घालायला कोणाची हरकत नाही, कोणाच्या जिवाचा प्रश्न नाही, मग तांब्याचा नॅनो-इलेक्ट्रोड इथं का नको? कारण उसाच्या रसात ग्लुकोजपेक्षा सुक्रोज कैक पटींनी जास्त असतं. फेलिंगचं द्रावण सुक्रोजला हात लावत नाही, पण अर्ध्या व्होल्टच्या वर ठेवलेला तांब्याचा इलेक्ट्रोड लावतो. एकोणिसाव्या शतकातलं तांबं इथं नव्या तांब्यापेक्षा जास्त निवडक ठरतं. यावर उपाय काढता येईल, पण तो काढावा लागेल. आयता मिळणार नाही.

मग रक्तासाठी पुढची वाट कोणती? मला दोन दिशा खऱ्या वाटतात. एक, प्लॅटिनम आणि सोन्याच्या सच्छिद्र रचना, त्यांच्यात दुसऱ्या धातूंची मोजकी भर, आणि वर क्लोराइड व प्रथिनं अडवणारा पातळ पडदा. प्लॅटिनमबरोबर शिसं फार चांगलं काम करतं, पण ते शरीरात घालायची शिफारस कोणी करणार नाही. बिस्मथकडं जास्त लक्ष द्यायला हवं. दोन, जॉन्सन यांच्या ठोक्यांचीच पुढची आवृत्ती: इलेक्ट्रोडवर क्षणभर ऋण विभव देऊन तिथल्या पाण्यातून हायड्रॉक्साइड तयार करायचं. सगळं द्रावण 7.4 वरच राहतं, इलेक्ट्रोडलगतची पातळ चादर तेवढी अल्कली होते, आणि तेवढ्या वेळात मोजून घ्यायचं. रक्त स्वतःच एक बफर आहे, त्यामुळं ही चादर फार टिकत नाही. पण मोजायला किती वेळ लागतो हे आपल्या हातात आहे. या दोन्ही दिशांचे निबंध संख्येनं थोडे आहेत आणि त्यांचे आकडे दिसायला लहान आहेत. म्हणूनच या पुस्तकात त्यांना जास्त पानं मिळाली, हे मला योग्य वाटतं.

आता जिल्ह्याच्या कॉलेजात एम.एस्सी.चा प्रकल्प करणाऱ्या मुलामुलींसाठी दोन शब्द. पोटेन्शिओस्टॅट लाखांत मिळतो म्हणून हा विषय सोडू नका. 2011 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी चीपस्टॅट या 80 डॉलरच्या आत बनणाऱ्या यंत्राचा संपूर्ण आराखडा खुला केला, आणि तसे कितीतरी आराखडे आज उपलब्ध आहेत. पेन्सिलीच्या शिशाचा इलेक्ट्रोड चालतो, त्यावर तांबं किंवा निकेल चढवायला साधा कॉपर सल्फेट, निकेल सल्फेट पुरतो. सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ग्लुकोज घालून प्रवाहाचा तो उंच कळस एकदा जरूर पाहा. सगळ्यांनाच तो आवडतो. मग तोच इलेक्ट्रोड सामू 7.4 च्या फॉस्फेट बफरमध्ये, 100 मिलिमोलर सोडियम क्लोराइड घालून, त्याच ग्लुकोजसह चालवा. दोन्ही आलेख एकाच कागदावर, एकाच प्रमाणात काढा आणि दुसरा कितीही सपाट आला तरी प्रबंधात पहिल्याच्या शेजारी छापा.

पहिलं प्रकरण प्लॅटिनमचं आहे. त्यात समीकरणं पुष्कळ आहेत. ती पहिल्या वाचनात ओलांडली तरी चालेल, तक्त्यांतला द्रावणाचा रकाना मात्र ओलांडू नये.